बेरिलआजीच्या हातातला ‘थांबा’

मित्रांनो, माझा पिवळा रंग आता बराच उडाला आहे आणि कडेला दोन ठिकाणी पोचे आले आहेत, त्यामुळे तुम्ही मला ओळखले नाहीत तरी मी रागावणार नाही. माझे तोंड मोठ्या परातीसारखे गोल आहे. त्यावर काळ्या अक्षरांत ‘थांबा’ आणि त्याखाली ‘मुले’ असे लिहिलेले आहे. खाली माणसाहून उंच दांडा. मला उभा धरून कोणी रस्त्याच्या मधोमध गेले की दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात आणि शाळेची मुले पलीकडे जातात. माझे काम एवढेच. आमच्या थॉर्नक्लफ गावातली मुले मला ‘लॉलीपॉप’ म्हणतात, कारण मी दिसतोच तसा. सुरुवातीची काही वर्षे मला ते नाव अपमानाचे वाटे. पुढे सवय झाली.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. ज्या यंत्रातून मी निघालो, त्याच यंत्रातून माझ्या आधी ‘पुढे रस्ता बंद’ असे लिहिलेले फलक निघाले होते. त्यांना खांबांवर ठोकले आणि ते आयुष्यभर एका जागी उभे राहिले. मला मात्र माणसाचा हात मिळाला. मी स्वतःला भाग्यवान समजतो ते एवढ्यासाठीच.

पहिला हात सेडन नावाच्या गृहस्थांचा होता. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचे निम्मे लक्ष घड्याळाकडे असे. चार वर्षांनी त्यांचे गुडघे गेले आणि मी बेरिल हॉदरसॉलच्या हाती आलो.

बेरिलने सत्तावीस वर्षे सपातांच्या कारखान्यात काढली होती. कारखाना बंद पडला, तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, आवाज असा की डोंगरावरच्या मेंढ्याही वळून बघतील. शाळेच्या कोठीत पाणी गळते, याला गंज चढेल, असे म्हणून तिने मला पहिल्याच दिवशी घरी नेले. तेव्हापासून मी तिच्या दारामागे, कोटांच्या शेजारी उभा राहू लागलो. त्या घरात जे बोलले गेले, त्यातले बरेचसे मी तिथूनच ऐकले.

तिची एक खोड होती. समोर मूल आले की तिची नजर आधी पायांकडे जाई, मग तोंडाकडे. इतकी वर्षे तळवे, टाचा आणि शिवणी बघत आल्यावर दुसरे काय होणार. ‘तुझ्या बुटाला भूक लागलीय, तोंड उघडलंय त्याने,’ असे ती म्हणे, आणि मूल घरी जाऊन ते सांगे. नवे बूट कोणाला मिळाले, भावाचे जुने कोणाच्या पायात आले, कोण वाट सोडून ओढ्यात उतरले होते, हे तिला सगळे कळे. मुले तिला बेरिलआजी म्हणत.

दहा वर्षे अशी गेली. मग एका सप्टेंबरात एकुआ आली.

नऊ वर्षांची, सडपातळ, केसांच्या बारीक वेण्या इतक्या नेटक्या की एकही केस बाहेर नाही. शाळा नऊला भरे. नऊ वाजून पाच मिनिटांनी, बेरिल मला खांद्यावर टाकून निघणार, एवढ्यात ही चढावरून धावत येई. सगळी मुले आत गेलेली असत. बेरिल पुन्हा रस्त्यात जाऊन मला उभा करी आणि त्या एकटीसाठी गाड्या थांबत.

“आज पण घड्याळ झोपलं वाटतं?” बेरिल विचारी.

“हो, आजी.”

“कोणाकडे राहतेस गं तू?”

“मावशीकडे.”

“आणि आई?”

“टाकोराडीला. घानामध्ये.” एवढे बोलून ती पळे. उत्तर उद्धट नसे, पण लांबतही नसे.

बेरिल मग नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत थांबू लागली. तिला कोणी सांगितले नव्हते. ती आपली थांबे.

नोव्हेंबरात एका सकाळी बर्फ मिसळलेला पाऊस पडत होता. एकुआ आली ती चिंब. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर बसून तिने बूट काढला आणि आतले पाणी ओतले. बेरिलने मला भिंतीला टेकवले, तो बूट हातात घेतला आणि उलटा केला. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या कपाळावर आठी पडली.

“हे चालून झिजलेलं नाही,” ती म्हणाली. “चालणाऱ्याची टाच झिजते. तुझा पुढचा तळ गेलाय, बोटांखालचा. चढावर काहीतरी ढकलणाऱ्याचा असा झिजतो. काय ढकलतेस तू, बाळा?”

एकुआने बूट तिच्या हातातून काढून घेतला. “मी वर्गात जाऊ? बाई रागावतील.”

दुसऱ्या दिवशी साडेसातलाच बेरिलने कोट चढवला आणि मला उचलले. आम्ही शाळेकडे न जाता उतारावरून खाली गेलो. चामड्याचा जुना, बंद कारखाना आहे, तिथे मुख्य रस्ता एकदम वळतो. खाणीतून दगड घेऊन येणारे ट्रक त्या वळणावरून सुसाट उतरतात. पलीकडचे दिसत नाही. मोठी माणसेही तिथे रस्ता ओलांडताना दोनदा विचार करतात.

पावणेआठला एकुआ आली. तिच्या पुढे बाबागाडी होती आणि तीत दोन वर्षांचे गुटगुटीत बाळ, नाकापर्यंत गुंडाळलेले. ती पदपथाच्या कडेला थांबली, मान लांब करून वळणाकडे कान दिला आणि गाडीचे पुढचे चाक रस्त्यावर टेकवले.

बेरिल मला घेऊन रस्त्यात उतरली. वरून आलेला ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढले. “अहो आजी, इथे कुठली शाळा?”

“आहे तुझ्यापुढे, दिसत नाही? गप बस,” बेरिल म्हणाली.

पलीकडे गेल्यावर तिने बाबागाडीला हात लावला आणि दोघींनी मिळून ती चढावर ढकलली. चढ संपेपर्यंत एकुआने हळूहळू सांगितले. बाळाचे नाव कोबी. फेलिशियामावशीचा मुलगा. मावशी वृद्धाश्रमात कामाला आहे, पहाटे साडेपाचला घर सोडते. कोबीला उठवायचे, त्याचे ढुंगण धुवायचे, मक्याची पेज करून भरवायची आणि टेकडीवरच्या पाळणाघरात पोचवायचे, ते साडेआठशिवाय उघडत नाही. मग शाळा.

“पेज तू करतेस? गॅसवर?”

“मला येते. गुठळ्या होत नाहीत माझ्या.”

“आणि घरात तेव्हा कोण असतं?”

एकुआने तिच्याकडे आश्चर्याने बघितले. “मी असते ना.”

 बेरिलने विचारले, “फेलिशिया तुझ्या आईची सख्खी बहीण का गं?”

मुलीचे पाय थांबले. “आईच्या चर्चमधली आहे ती. पण विचारलं तर नुसतं मावशी म्हणायचं, असं सांगितलंय. नाहीतर पोलीस येतात आणि विमानात बसवतात.” तिने बाबागाडीचा दांडा घट्ट धरला. “तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?”

मित्रांनो, त्या वेळी ‘नाही सांगणार’ असे म्हणणे फार सोपे होते. मुलगी खूश झाली असती. मी बेरिलच्या मुठीत होतो, त्यामुळे ती मूठ किती आवळली गेली ते मला माहीत आहे.

“असा शब्द मी देत नाही, बाळा,” ती म्हणाली. “दिला आणि मोडला, तर ते जास्त वाईट.”

 एकुआने गाडी स्वतःकडे ओढून घेतली आणि उरलेला चढ एकटीने चढली.

संध्याकाळी चहाच्या वेळी बेरिलने नवऱ्याला सगळे सांगितले. क्लिफर्ड निवृत्त बसचालक. कमी बोलणारा, आणि बोललाच तर वाकडे बोलणारा.

“त्या बाईने पोरीला मारलंय? उपाशी ठेवलंय?” त्याने विचारले.

“नाही. वेण्या बघ तिच्या कशा असतात. रविवारी दोन-दोन तास बसून घालत असणार. वाईट नाहीये ती बाई.”

“मग तुझं काय म्हणणं आहे?”

“माझं म्हणणं असं की घरात नऊ वर्षांची एक आणि दोन वर्षांचं एक, तिसरं कोणी नाही, आणि गॅस पेटलेला. शिवाय ही पोर इथे कोणाची कोण, हे गावात कोणालाच माहीत नाही. उद्या फेलिशिया अंथरुणाला खिळली, किंवा कोणी गोड बोलून पोरीला भलत्याच गावी घेऊन गेलं, तर शोधायला कोण निघेल? कोणाच्या वहीत तिचं नावच नाही, क्लिफर्ड.”

क्लिफर्डने कप खाली ठेवला. “मग सांग शाळेत. पण ती पोर तुझ्याशी पुन्हा बोलायची नाही.”

“माहीत आहे मला.”

ती दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिका ऑर्मरॉडबाईंकडे गेली. मला खोलीच्या कोपऱ्यात उभे केले होते. ऑर्मरॉडबाईंनी एकुआचा प्रवेशाचा कागद काढला. नाते या रकान्यात ‘मावशी’ लिहिले होते, आणि पुढे कोणी काही विचारले नव्हते. 

“हा आमचा गलथानपणा आहे, बेरिल,” त्या म्हणाल्या. “सख्खी मावशी असती तर गोष्ट वेगळी. पण जवळचं नातं नसलेल्या घरी सोळा वर्षांखालचं मूल अठ्ठावीस दिवस किंवा त्याहून जास्त राहणार असेल, तर ते पालिकेला कळवावंच लागतं. आई-बापांनी आपापसात ठरवलेलं असलं तरी. पालिकेचं माणूस मग जाऊन बघतं, मुलाशी बोलतं, पुन्हा पुन्हा जात राहतं. हे बहुतेकांना माहीतच नसतं.”

“पोरीला उचलून नेतील का?”

“तसं करायचं कारण नसलं तर नाही.”

“कारण नसलं तर,” बेरिल स्वतःशी म्हणाली. तिने मला उचलले आणि ती दुपारच्या कामावर गेली.

क्लिफर्ड म्हणाला होता तसेच झाले. शाळेत एकुआला प्रेमाने का होईना, पण प्रश्न विचारलेच गेले, आणि कोणामुळे ते तिला लगेच कळले. त्या दिवसापासून ती बेरिलशी बोलेनाशी झाली. शाळेसमोर आली की नजर सरळ पुढे. ‘सुप्रभात, राणी’ म्हटले तरी उत्तर नाही.

पण खालच्या वळणावरचे ट्रक काही थांबले नव्हते. पालिकेचे माणूस यायला दिवस लागणार होते, आणि तोवर कोबीला टेकडीवर पोचवणे कसे चुकणार? म्हणून बेरिल रोज साडेसातला मला घेऊन त्या वळणावर जाऊन उभी राहू लागली. ती आमची जागा नव्हती. त्या वेळेला आमची नेमणूकही नव्हती. एकुआ बाबागाडी घेऊन येई, आम्ही रस्त्यात जाऊन गाड्या थांबवू, ती एक शब्द न बोलता, आमच्याकडे न बघता पलीकडे जाई. मग बेरिल मला घेऊन धापा टाकत चढ चढे आणि साडेआठला शाळेसमोर हजर होई.

माझ्या आयुष्यात मी हजारो मुलांना पलीकडे नेले आहे. त्यांनी मला टाटा केला आहे, माझ्यावर बर्फाचे गोळे मारले आहेत, माझ्या दांड्याला धरून झोके घेतले आहेत. पण आपल्याकडे पाठ फिरवणाऱ्या मुलीसाठी रोज पहाटेच्या गारठ्यात तासभर आधी जाऊन उभे राहणे, हे मी त्याआधी कोणाला करताना पाहिले नव्हते. बेरिल कुरकुरली नाही. एकदाच, बोटे बधिर झाली तेव्हा, ती मला म्हणाली, “तू तरी बरा, तुला नाक नाही गळायला.”

सातव्या दिवशी आमच्या कामावर देखरेख करणारे पालिकेचे साहेब गाडीतून चालले होते, ते थांबले. तरुण होते बिचारे.

“बेरिल, हे काय? तुमची जागा शाळेसमोर आहे. इथे तुम्हाला काही झालं तर पालिका जबाबदारी घेणार नाही.”

“बरोबर आहे तुमचं.”

“मग निघा ना.”

“तुम्ही जेवणाच्या सुट्टीत या मला ओरडायला. तेव्हा मी मोकळी असते. आत्ता बाजूला व्हा, ट्रक येतोय.”

साहेब बाजूला झाले. एकुआ बाबागाडी घेऊन आली आणि गेली. त्यांनी ते बघितले. परत ओरडायला मात्र ते कधी आले नाहीत.

शनिवारी दुपारी बेरिलच्या दारावर थाप पडली. दारामागे मीच होतो, त्यामुळे ती माझ्याच पाठीत बसली. बेरिलने दार उघडले. बाहेर उंच, दमलेली बाई उभी होती. कोटाखाली वृद्धाश्रमाचा गणवेश होता आणि कडेवर कोबी.

“बेरिल हॉदरसॉल तुम्हीच का?”

“मीच. तुम्ही फेलिशिया. आत या, बाळ गारठेल.”

“मी आत यायला आलेली नाही.” पण कोबी शिंकला, तशी ती उंबऱ्याच्या आत आली आणि दाराला टेकून उभी राहिली. “काल पालिकेची बाई आली होती माझ्या घरी. कपाट बघितलं, पोरीची गादी दाबून बघितली. तुमच्या पोरांची गादी बघायला आलं होतं का कधी कोणी? रोज पहाटेपासून मी तुमच्या लोकांच्या म्हाताऱ्या आयांना आंघोळी घालते, त्यांना भरवते, त्यांच्याशी गप्पा मारते. त्यांची स्वतःची मुलं येत नाहीत, मी असते. आणि वाईट कोण, तर मी.”

“तुम्ही वाईट आहात असं मी कोणालाच म्हटलं नाही,” बेरिल म्हणाली. “पोर नऊ वर्षांची आहे, एवढंच म्हटलं.”

“मी नऊ वर्षांची होते तेव्हा तीन भावंडं सांभाळायची. स्वयंपाक करून.”

“घरात आणखी कोण होतं?”

“आजी होती.” फेलिशियाचा आवाज अजून चढलेलाच होता. “समोर आत्या होती. शेजारचा शिंपी होता, तो सगळ्यांवर डोळा ठेवायचा. कोपऱ्यावर मासे भाजणारी बाई होती. अख्खी गल्ली होती, कोणी रडलं तर…” ती बोलता बोलता थांबली.

 कोबी माझ्या दांड्यावरचे पट्टे बोटाने मोजल्यासारखे करत होता.

“इथे त्या वळणावर फक्त मी असते,” बेरिल शांतपणे म्हणाली. “आणि घरात तर मीही नाही. म्हणून सांगितलं. तुम्ही मला हवं ते बोला.”

फेलिशिया जिन्याच्या पायरीवर बसली. तिने कोबीला खाली सोडले आणि हात तोंडावरून फिरवला. “मला कोणी सांगितलंच नाही की कळवायचं असतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, कळवलं की पोरीला घेऊन जातात. तिच्या आईला मी शब्द दिलाय, शिकवीन म्हणून. सकाळची पाळी नको म्हटलं तर कामावरून काढतील, ही धास्ती. रोज कामावर पोचेपर्यंत माझा जीव घरातच असतो. गॅस बंद केला असेल ना, दार लावलं असेल ना. तुम्हाला काय वाटलं, मला कळत नाही?”

“मला वाटलंच होतं की कळतं,” बेरिल म्हणाली. “वेण्या बघून.”

क्लिफर्डने तेवढ्यात चहा आणला. तिला किती साखर लागते हे विचारायचे त्याच्या लक्षात आले नाही, म्हणून त्याने चार चमचे घातली होती. फेलिशियाने तोंड वाकडे केले आणि सगळा चहा पिऊन टाकला.

पुढचे मी थोडक्यात सांगतो. पालिकेतल्या त्या बाईंचे नाव शगुफ्ता. त्या घाई करणाऱ्या नव्हत्या. एकुआला त्या एकटीला भेटल्या, दोनदा. तिला काय हवे ते त्यांनी तिलाच विचारले, परत जायचे आहे का हेही विचारले. मग टाकोराडीला फोन लावून तिच्या आईशी बोलल्या. मुलगी सकाळी कोणाच्याही नजरेखाली नसते, हे आईला माहीत नव्हते. फोनवर ती आधी रडली, मग रागावली, आणि शेवटी फेलिशियाशी तासभर बोलत राहिली. एकुआने मावशीकडेच राहायचे ठरवले. तिच्या दोन अटी होत्या. आईशी दर रविवारी बोलायला मिळाले पाहिजे, आणि आपण शाळेत उशिरा जाणार नाही.

शगुफ्ताबाई वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना जाऊन भेटल्या आणि फेलिशियाला उशिराची पाळी मिळाली. कामावरून काढणे तर दूरच. तिथल्या दोन म्हाताऱ्यांनी म्हणे सांगून टाकले होते की फेलिशिया गेली तर आम्ही जेवणार नाही. कोबी आता आईच्या हातची पेज खाऊन आईबरोबरच पाळणाघरात जाऊ लागला. शगुफ्ताबाई पहिले वर्षभर दर सहा आठवड्यांनी घरी येत राहिल्या, आणि नंतरही येत राहिल्या. पुढे पुढे त्या आल्या की फेलिशिया चहा टाकू लागली. गादी मात्र त्यांनी दर वेळी बघितली. मला त्यांचे हे फार आवडले.

बेरिल वळणावर एकूण अकरा दिवस उभी राहिली. बाराव्या दिवशी बाबागाडी आली नाही. आम्ही आठपर्यंत वाट बघितली, मग चढ चढून शाळेसमोर गेलो. पावणेनऊला एकुआ इतर मुलांबरोबर आली. कोरडी, वेळेवर, पायांत नवे बूट. बेरिलने ते आधी बघितले. पण एकुआ त्याही दिवशी बोलली नाही. सबंध डिसेंबर आणि जानेवारीभर बोलली नाही.

मला खरे सांगायचे तर तिचा राग आला होता. बेरिलला नाही आला. “तिचं गुपित होतं ते, मी फोडलं,” ती क्लिफर्डला म्हणाली. “रागवायचा हक्क आहे तिला. रागावलेली पोर ठणठणीत असते.”

फेब्रुवारीत एका दुपारी शाळा सुटल्यावर सगळी मुले गेली, तरी एकुआ कुंपणाशी रेंगाळत राहिली. बेरिलनेही मला खांद्यावर घेतले नाही. 

“त्या खालच्या वळणावर उभं राहणं,” एकुआने रस्त्याकडे बघत विचारले, “ते तुमचं काम होतं का?”

“नव्हतं.”

“साहेबांनी सांगितलं होतं?”

“साहेबांनी नको म्हटलं होतं.”

एकुआने यावर विचार केला. “मी तर तुमच्याशी बोलतही नव्हते.”

“हो. दिसत होतं मला ते.”

“मग कशाला उभ्या राहत होतात?”

“तू तिथून जात होतीस ना, म्हणून,” बेरिल म्हणाली.

एकुआने मान हलवली, जणू गणित जमले. मग ती पदपथाच्या कडेला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मला पलीकडे जायचंय, आजी.” रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. एकही गाडी नव्हती. तरी बेरिल मला घेऊन रस्त्याच्या मधोमध गेली आणि मला ताठ उभा धरला, आणि ती मुलगी आरामात, न धावता, पलीकडे गेली.

त्या वर्षानंतर ऑर्मरॉडबाईंनी एक नियम केला. नवे मूल आले की ‘मावशी’, ‘काका’ असे नुसते लिहून घ्यायचे नाही. कोणाची बहीण, कोणाचा भाऊ, हे विचारायचे. पहिल्याच वर्षी अशी तीन मुले सापडली. दोघे भाऊ वडिलांच्या मित्राकडे राहत होते, आणि त्यांचे छान चालले होते. पालिकेने बघितले आणि तेच लिहून ठेवले. तिसरीचे छान चालले नव्हते. ती आता दुसऱ्या घरी आहे, तिच्याविषयी मी अधिक सांगणार नाही. पण ती सापडली.

बेरिलचे त्यासाठी कोणी कौतुक केले नाही, कारण अशा गोष्टी गावात बोलायच्या नसतात. तिचा सत्कार झाला तो वीस वर्षांच्या नोकरीबद्दल. नगराध्यक्षांनी फुलदाणी दिली, वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मी अर्धा दिसतो. फेलिशिया केळ्यांचे तिखट तळलेले काप घेऊन आली होती. क्लिफर्डने एकदम चार तोंडात टाकले आणि सत्कारात सगळ्यात जास्त अश्रू त्याच्याच डोळ्यांतून आले.

बेरिलने काम सोडल्यावर शाळेसमोर सिग्नलचे दिवे बसले. हिरवा माणूस, लाल माणूस. मी आता शाळेच्या त्याच गळक्या कोठीत, जिम्नॅस्टिकच्या गाद्यांमागे असतो. दांड्याला खालून गंज चढतो आहे. दिव्यांविषयी माझी तक्रार नाही. ते रात्रंदिवस काम करतात आणि कधी आजारी पडत नाहीत. फक्त ते कोणाचे बूट बघत नाहीत.

मित्रांनो, मला पुन्हा रंग द्या असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या वर्गात कोणी दुसऱ्याच्या घरी राहत असेल. त्याचे आई-वडील लांब असतील, आणि ते घर चांगलेही असेल. पुष्कळ घरे चांगली असतात, फेलिशियाचेही होते. तुम्ही त्याला घरी बोलवा, त्याच्याबरोबर डबा खा, सकाळी तो काय काय करून येतो ते विचारा. त्याने काही सांगितले आणि ते ऐकून तुम्हाला काळजी वाटली, तर ते पोटात ठेवू नका. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला सांगा. तुमचा मित्र रागावेल. कदाचित महिनाभर बोलणार नाही.

तेवढे दिवस त्याच्या वाटेवर उभे राहा.